पुलियाच्या तोंडची जाळी

पावसानं उघडीप दिली तशा गादीवाल्यांच्या गल्लीत खाटा बाहेर निघाल्या आणि खाटांवर भिजलेला कापूस पसरला गेला. जैनबबी दारात बसून तो बोटांनी मोकळा करत होती. गोळा उचलायचा, फोडायचा, उन्हाकडं उलटायचा. पुन्हा दुसरा उचलायचा. कापसाला नाल्याचा वास लागला होता. असल्या कापसाची गादी कोणी घेत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि आत पिंजायच्या मशीनला तेल देणाऱ्या तिच्या नवऱ्याला, जफरलाही ठाऊक होतं. पण हात रिकामे ठेवले की ते मांडीवर नुसते पडून राहत, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे. म्हणून ती मोकळा करत होती.

या पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरायची ही तिसरी खेप. या वेळी दिवसाढवळ्या शिरलं. शेजारची अस्मा, ओली बाळंतीण, लेकराला छातीशी धरून लोखंडी पेटीवर चढून बसली होती. तिचा नवरा नौशाद त्या दिवशी बाहेरगावी गेला होता. जैनबबीनं जाऊन मेन स्विच पाडला आणि पाणी उतरेपर्यंत गुडघ्याच्या वर पाण्यात अस्माजवळ उभी राहिली. अस्मा रडत होती, लेकरू रडत होतं, आणि जैनबबी भिंतीवर चढणाऱ्या ओलीकडं पाहत होती, जशी कोणी दुसऱ्याच्या घरची भिंत पाहावी.

पाणी नदीचं नव्हे. दारव्हा रोडवरच्या त्या कसब्याला नदी नाहीच. वरच्या टेकाडावर पूर्वी ज्वारीची वावरं होती, ती पाणी पिऊन घ्यायची. आता तिथं ले-आउट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, आणि पडेल तो थेंब बसायला जागा न मिळून उतरणीला लागतो. उतरणीला नाला, नाल्याला रोडखालची पुलिया, आणि पुलियाच्या तोंडाला लोखंडी जाळी. पाणी जाळीपर्यंत धावत येतं, जाळी कचऱ्यानं बुजलेली असते, मग पाणी वळतं आणि गल्लीत येतं. गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. फक्त जैनबबीसमोर कोणी सांगत नव्हतं.

कारण जाळी तिची होती.

तीन पावसाळ्यांमागं तिची गझाला शिवणक्लासवरून घरी येत होती. रस्ता कुठं संपतो आणि नाला कुठं सुरू होतो, ते पाण्यानं झाकून टाकलं होतं. तिनं पाय टाकला तो नाल्यात पडला, आणि पुलियाच्या उघड्या तोंडानं तिला आत ओढून घेतलं. गावाच्या खालच्या अंगाला, लालीबाई नावाच्या बंजारा बाईच्या वावराच्या काठी ती सापडली. लालीबाईनं डोक्यावरची ओढणी काढून तिच्या अंगावर घातली आणि माणसं येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.

चाळिसावा झाला आणि दुसऱ्या सकाळी जैनबबी नगरपंचायतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. ना घोषणा, ना फलक, ना अर्ज. रोज यायची, बसायची, संध्याकाळी उठून जायची. मुख्याधिकारी साहेब तिला वळसा घालून वर चढायचे. शेवटी साहेबांना तो वळसाच जड झाला आणि पुलियाला जाळी मंजूर झाली. काम नौशादकडं आलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान. गज किती अंतरावर ठेवू म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा जैनबबीनं आपला हात पुढं केला होता.

"बांगडीचा हात आत नाई गेला पायजे."

नौशादनं तसंच केलं.

जाळी बसली त्याच हप्त्यात लालीबाई तांड्याहून आली, एका गजाला लाल दोरा बांधला, कपाळ टेकवलं आणि निघून गेली. कायले बांधला, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या बायांनी तो पाहिला. जाळी, जाळीला दोरा, आणि त्यामागं एका लेकीची जान गेलेली. बायांना आणखी काय लागतं? एकीनं आजारी पोरासाठी मन्नत मागून दोरा बांधला, पोरगं तापातून उठलं. झालं. लाल दोरे आले, हिरवे आले, चुनरीच्या चिंध्या आल्या, लेकरांची कडी आली. बंजाऱ्यांच्या बाया येत, मराठ्यांच्या येत, मुसलमानांच्याही येत. मौलवीसाहेब म्हणाले, हे बरं नाही. बायांनी मान हलवली आणि गुरुवारी पुन्हा आल्या.

जैनबबी आधी रोज सकाळी दाताळं घेऊन जाळीचा कचरा ओढायची. एकदा दाताळ्याच्या दातांत दोरे आले, तर एक बाई रडत तिच्या अंगावर धावली, "माह्या लेकराची मन्नत तोडतं का व?" जैनबबीनं तिच्याकडं पाहिलं. दाताळं खांद्यावर घेतलं, घरी आली, ते भिंतीला टेकवलं. त्यानंतर ते तिथंच राहिलं. दोऱ्यांना प्लास्टिकची पन्नी अडकली, पन्नीला काडी, काडीला गल्लीतून वाहत आलेला कापूस. जाळीची भिंत झाली.

"भाभी, हायेत का जफरभाई?"

वॉर्डाचा नगरसेवक फुलचंद लांबूनच आवाज देत आला. मागं रजत होता, नगरपंचायतीचा नवा इंजिनियर. वयानं लहान. पॅन्ट पोटरीवर दुमडलेली, आणि सकाळपासून नाल्यातून चालल्यामुळं पायांवर चिखल असा वाळला होता की मोजे घातल्यासारखा वाटावा.

जफरनं खाट झटकली. चहा आला. चहा संपेपर्यंत सगळे कपाशीच्या पराटीवर बोलले, पात्या गळाल्या यावर बोलले.

"चाची," रजत म्हणाला, "जाळी काढावी लागते."

जैनबबी कापूस मोकळा करत राहिली.

"गज लई जवळजवळ आहेत, अन् उभे. कचरा सरळ येऊन छातीवर बसतो. आता पुलियाच्या वरच्या अंगाला, उघड्यावर, तिरपी जाळी टाकायची आहे. पाण्याच्या जोरानं कचरा तिच्यावर चढतो, काठावर उभं राहून वरच्या वर ओढून घेता येतो. अन् माणूस पडला, तर त्यालेही गज धरून वर येता येते."

"माणूस वर येते?" तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"येते चाची. म्हणूनच तिरपी."

जफरनं कपबशी खाली ठेवली. जैनबबीच्या मनात एक विचार आला, जरा वेळ उंबऱ्यात उभा राहिल्यासारखा उभा राहिला आणि कुठंच न दुखवता निघून गेला. तिनं पुढचा गोळा उचलला.

"मंग टाका ना."

"फाईल यवतमाळले गेली ना भाभी," फुलचंद घाईनं म्हणाला. "होईनच मंजूर."

"कधी?"

फुलचंदनं रजतकडं पाहिलं.

"खोटं नाही सांगत," रजत म्हणाला. "हा पावसाळा तर जाईलच. पुढचाही जाऊ शकते. तोवर तोंड उघडं राहीन. बांबू बांधू, दोरखंड बांधू, लाल दिवा लावू. पण राहीन उघडंच."

"मंग काढा. मले काहून विचारून राह्यले? सरकारी जाळी हाय."

"तेच तं गोम हाय!" फुलचंद खाटेवर पुढं सरकला. "साहेब म्हणते, दोऱ्याले हात लावाचा नाही, भावनेचा प्रश्न हाय. पयले स्थान कोनाचं ते ठरवा, मंग त्यायची ना-हरकत आना. मौलवीसाहेबाले विचारलं, ते म्हणते आमचं नाई. देवळाचे पंच म्हणते आमचं नाई. तांड्याचे नायक म्हणते, बाई आमची, दोरा आमचा, पन देव काही आमचा नाई. आता सांगा भाभी, देव हाय आन् मालक नाही! माह्या पुऱ्या वार्डात असा एक प्लॉट नाई सापडत."

जफरला हसू आलं. आलं ते त्यानं खोकल्यात घालवलं.

फुलचंदचाही आवाज मग खाली उतरला. "सगळ्यायचं एकच म्हणनं हाय. जाळी जैनबबीची. थे म्हणन तसं."

"पाहू," ती म्हणाली.

दोघं गेले. रजत जाताना दारातून वळला, भिजल्या भिंतीवर हात फिरवला आणि गेला.

जफर मशीनजवळ जाऊन बसला. म्हणाला, "तू हो म्हण का नाई म्हण. मी तुह्या संग हाव."

"तुमचं काय म्हणनं हाय?"

"मी तं त्या रस्त्यानं जातच नाई." खरं होतं ते. तीन वर्षं तो नमाजला बाजारातून फेरा घालून जात होता. एवढ्या दिवसांत त्यांचं त्यावर बोलणं झालं ते एवढंच.

दुसऱ्या सकाळी अस्माच्या दारात ती लोखंडी पेटी बांधून ठेवलेली दिसली. वर दुपट्याचं गाठोडं.

"कुठं निघाली?"

"कळंबले, अम्मीच्या घरी." अस्मानं लेकराची टाळू पदराखाली घेतली. "आभाळ पुन्हा भरून राह्यलं, खाला. मी एकटी असती तर बसली असती पेटीवर. हे मायं बारीकसं..." ती थांबली, मग घाईनं म्हणाली, "तुमच्यावर जोर नाई कोनाचा. सच्ची."

जैनबबीनं लेकराकडं पाहिलं. ते झोपेत ओठ हलवत होतं. तिला काही वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं, पूर्वी वाटायचं. आता ते सगळं लांबच्या खोलीत ठेवलेलं होतं आणि त्या खोलीपर्यंत चालत जायचं बळ नव्हतं. पण पाय होते. पाय चालत होते.

"आजच्या दिवस नको जाऊ," ती म्हणाली आणि तशीच लालीबाईच्या तांड्याकडं निघाली.

ऑटोनं फाट्यावर सोडलं. तिथून तांडा वावरावावरांतून. नाला सोबत होता. डाव्या हाताला, झाडोऱ्यातून, गढूळ. ती त्याच्याकडं न पाहता चालली. लालीबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. पाहुणी कोण ते ओळखताच तिनं काड्या टाकल्या, धावत येऊन जैनबबीच्या गळ्यात हात घातले आणि गळा काढला.

बंजारा बाया रडतात ते गाऊनच. दुःखाच्या घरची बाई बऱ्याच दिवसांनी भेटली की आधी हे गाणं, मग पाणी, मग बोलणं. शब्द गोरबोलीतले. जैनबबीला अर्धे कळले, अर्धे अंदाजानं. अर्थ असा काहीसा होता:

कोण्या वाटेनं आली गं बहिणी, वाटेत नाला कोणी घातला?
भरल्या हाती निघाली होती, रिता हात कोणी केला?

आजूबाजूच्या बाया पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. लालीबाई तिला धरून डोलत होती, आणि जैनबबी मधे खुंटासारखी उभी होती. खांद्यावर दुसऱ्या बाईचं डोकं, गळ्याला गरम आसवं, कानाशी तिच्या बाहीवरच्या आरशांची किणकिण. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. गाणं संपायची तिनं वाट पाहिली. संपलं. पाणी आलं.

"लालीबाई, तुही मन्नत पुरी झाली का?"

"कोनती मन्नत व, बी?"

"तू पयला दोरा बांधला ना. झाली असन तं सोड. ज्यानं बांधला त्यानंच सोडाचा असते. पयला सुटला, का बाकीच्याले बोलता येत नाई. जाळी काढाची हाय."

लालीबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मी मन्नत नाई मांगली कोनाले. मी त्याचं तोंड बांधलं. बैल पिकात तोंड घालते तं मुसकं बांधतो नाई का? तसं. का आता पुन्हा नाई खाशीन." ती नाल्याच्या दिशेला पाहून बोलत होती, जसा तो ऐकत असावा. "तुह्या लेकीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. एवढ्या पान्यातून आली, एक नाई पिचली. मी रातरात पाहाची त्या, डोळे मिटले का."

"मीच काढल्या त्या. गुसलच्या टायमाले, शेवटची आंघोळ घालताना."

एक कोंबडी दोघींच्या मधून गेली.

"सोडला मी," लालीबाई म्हणाली, "आन् पुन्हा कोनी आलं माह्या वावरात वाहत, तं?"

जैनबबीनंही नाल्याच्या दिशेला पाहिलं.

"तं तू बसशील त्याच्याजोळ. तशीच. मले निरोप धाड, मी बी येईन बसाले. पन आज गल्लीत एक बारीक लेकरू हाय, लालीबाई. ते पेटीवर बसून हाय."

लालीबाई आत गेली, पायात चपला घालून आली.

पुलियाशी पोहोचल्या तोवर बातमी पुढं पोहोचली होती. बाया जमल्या होत्या. फुलचंद मोबाइल कानाला लावून "हो साहेब, हो साहेब" करत होता. रजत काठावर बसला होता. नौशाद गॅसकटर घेऊन लांब उभा होता, मान खाली घालून. लालीबाई नाल्यात उतरली, जाळीपाशी वाकली आणि दोरा शोधायला लागली.

शोधत राहिली. लाल, हिरवे, पिवळे. सगळ्यांना गाळानं एकच रंग दिला होता, आणि कापसानं सगळ्यांना एकमेकांत असं गुंतवून टाकलं होतं की दोरा असा निराळा उरलाच नव्हता. तिनं एक ओढला, तो तिचा नव्हता. दुसरा ओढला, तोही नसावा.

"सापडत नाई व," तिनं वर पाहिलं. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"कोनताही सोड."

"माहा नसला तं?"

जैनबबी नाल्यात उतरली. कमरेला रजईची मोठी कात्री होती, ती काढली आणि वरच्या कोपऱ्यापासून कापायला सुरुवात केली. ओल्या रुईचा जाड थर कापावा तसा आवाज येत होता. काठावर गलका उठला. "अवं, अवं!" एक बाई पुढं झाली, "थांब व! माह्या पोराचा दोरा हाय त्याच्यात!"

जैनबबी थांबली.

"पोरगं कुठं हाय तुहं?"

"घरी हाय."

"मंग जाय त्याच्याजोळ."

बाई तशीच उभी राहिली, मग मागं सरली. लालीबाईनं खालून हातानं तोडायला घेतलं. दोघींनी मिळून जाळी साफ केली तेव्हा पहिल्यांदा गज दिसले, गंजलेले, बारीक, एकमेकांच्या अगदी जवळ. नौशाद उतरला. चष्मा लावला. आपणच जोडलेले सांधे त्यानं एकेक करून कापले, आणि चौघांनी ती जाळी ओढून काठावर आडवी केली.

पुलियाचं तोंड उघडं पडलं. आतून गार, जुनाट वारा आला. जैनबबीनं वाकून पाहिलं. तिला वाटलं होतं, हे तोंड पुन्हा पाहिलं की आपल्याला काही तरी होईल. पडू, ओरडू, निदान रडू तरी. आत अंधार होता आणि पलीकडच्या टोकाला भाकरीएवढा उजेड. एवढंच होतं. रजतनं वरून हात दिला, तिनं तो धरला, आणि वर आली.

संध्याकाळपर्यंत बांबू उभे राहिले. दोरखंडाच्या गाठी रजतनं स्वतः मारल्या, दोनदा ओढून पाहिल्या. "चाची, पाऊस लागला का माहा माणूस इथं उभा राहीन," तो म्हणाला. जैनबबीनं मान हलवली. लालीबाई शेवटच्या ऑटोनं गेली. जाताना ती गायली नाही; नुसता जैनबबीच्या गालाला हात लावून गेली.

आभाळ दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला फुटलं. टेकाडावरून पाणी निघालं त्याचा आवाज गल्लीत आधी आला. बायांनी सवयीनं पिठाचे डबे वर ठेवले, गाद्या गुंडाळल्या, आणि दारांत उभ्या राहून वाट पाहू लागल्या. पाणी आलं, पुलियाशी गेलं, आत शिरलं. गल्लीत आलं ते फक्त गल्लीवर पडलेलं, घोट्याइतकं, आणि तेही उतरत गेलं.

"खाला! नाई आलं, पानी नाई आलं!" अस्मा पलीकडून ओरडली. कोणी तरी टाळी वाजवली. कोणी तरी फुलचंदच्या नावानं शिट्टी मारली.

जैनबबीनं घरातल्या फरशीवर पाय ठेवून पाहिला. फरशी कोरडी होती. ती आनंदाची गोष्ट होती. ती तिथंच उभी राहिली, बाहेर ते पाणी कुठंही न अडता, एका दमात आत जात होतं, ते ऐकत. मग तिनं खुंटीवरचं रिकामं पोतं काढलं, घोंगता करून डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडली.

पहिल्या दारात ती थांबली. "घरात आले का सगळे?"

"आले ना, चाची. बुढा तं कुठं जातच नाई, त्याले न्यायाचं म्हटलं तं कोनी नेत नाई!" आतून हसू आलं. म्हातारा काही तरी शिवी पुटपुटला.

दुसरं दार. "आले का सगळे?"

"आले."

तिसरं. "पोट्ट्या ट्युशनहून आल्या का?"

"आताच आल्या, पाय धुऊन राह्यल्या."

अस्माच्या दारात लेकरू झोपलं होतं. नौशाद दुकानातून यायचा होता. "येतेच ते, खाला. तुम्ही भिजू नका," अस्मा म्हणाली. जैनबबी पागोळ्यांखाली उभी राहिली. अस्मानं दोनदा आत बोलावलं, मग बोलावणं सोडून तीही दारात तिच्याजवळ उभी राहिली. गल्लीच्या टोकाला मोटारसायकलचा उजेड दिसला, वळला, जवळ आला. नौशाद उतरला. दोघींना पावसात तसं उभं पाहून तो घाबरला.

"काय झालं?"

"काही नाई," जैनबबी म्हणाली. "जाय आत."

गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ती गेली. प्रत्येक दारात थांबली, प्रत्येक दारातून उत्तर आलं. मग वळली, आणि पाऊस अंगावर घेत आपल्या दाराशी आली.

आत दिव्याखाली जफर बसला होता. त्यानं वर पाहिलं.

"आले का सगळे?"

तिनं पोतं उतरवून पिळलं, उंबऱ्याबाहेर झटकलं.

"आले," ती म्हणाली, आणि कडी लावून घेतली.